लंकाबाईंची पाणपोई

लंकाबाई शेजवळांना यशोधरा कॉलनीत सहसा कुणी नाही म्हणत नसे. म्हटलं तरी त्या ऐकत नसत, मग उगाच घसा कशाला कोरडा करा! कॉलनीतली निम्मीअधिक तरुण पोरं त्यांच्या अंगणवाडीतून गेलेली. ज्याचं नाक आपण पदरानं पुसलं, त्याला मिशा फुटल्या म्हणून तो आपल्याला शहाणपण शिकवणार, हे बाईंना पटण्यातलं नव्हतं.

असाच एक मिशा फुटलेला म्हणजे धम्मपाल. अंबडच्या एका कंपनीत सुपरवायझर आणि जयंती समितीचा अध्यक्ष. मनाचा चांगला, पण त्याला सगळं झटपट उरकायला हवं असे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला पाणी द्यायचं ना, मग प्लास्टिकच्या ग्लासांचे बॉक्स आणायचे. लोक पितात, फेकतात, पुढे चालतात, विषय संपला. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं आणि लंकाबाईंनीही त्यावर कधी चकार शब्द काढला नव्हता. तो काढला गेल्या पावसाळ्यानंतर.

कॉलनी इंदिरानगरच्या मागच्या अंगाला, नाल्याला खेटून. हल्ली पाऊसही विचित्र झाला आहे. आठवडाभर रिपरिपायचा तो तासाभरात सगळा ओतून मोकळा होतो. गेल्या जुलैत असाच ओतला आणि नाला फुगून घराघरांत शिरला. लंकाबाईंचे सासरे सावळीराम, वयाची ऐंशी ओलांडलेले, खाटेवर पाय वर घेऊन बसले होते आणि खाटेखालून घाण पाणी वाहत होतं. पाणी ओसरल्यावर बायकांनी नाल्याच्या मोरीत बांबू घालून तुंबलेलं ओढून काढलं, तर काय निघावं? निळे ग्लास. आपल्याच जयंतीचे, आपणच वाटलेले. गाळात एकात एक अडकून त्यांची अशी भिंत झाली होती की बांबूनंही हलेना.

“म्हणजे पाणी आपल्या घरात आपणच सोडलं की!” लंकाबाई म्हणाल्या. त्यांना स्वतःचीच भयंकर चीड आली. आणि चीड आली की त्या गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या.

मार्चमध्ये विहारात बैठक झाली तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, “यंदा मिरवणुकीला स्टीलच्या ग्लासातनं पाणी. घरोघरचे ग्लास गोळा करू. महिला मंडळाच्या बायका धुतील.”

“मावशी, लग्नाची पंगत नाहीये ती,” धम्मपाल म्हणाला. “हजारो माणूस येतं. उन्हात तहानलेल्या माणसाला ग्लास धुऊन होईपर्यंत थांब म्हणणार का?”

“नाही थांबावं लागणार.”

“आणि लागलं तर?”

इथे शहाण्या माणसानं विषय आवरता घेतला असता. लंकाबाई उभ्या राहिल्या. “लागलं तर तू तुझे बॉक्स उघड. मी हा विषय या विहारात पुन्हा काढणार नाही. जन्मात काढणार नाही.”

बैठकीत सगळे हसले, पण बाईंनी शब्द दिला म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होतं. जमलं तर बुद्धपौर्णिमेची खीर, लग्नं, साखरपुडे, सगळ्यांतून प्लास्टिक जाणार होतं. शेजारच्या दोन वस्त्यांतल्या बायका येऊन विचारूनही गेल्या होत्या. नाही जमलं तर कॉलनीत पुन्हा कुणी हे नाव काढलं नसतं आणि पुढच्या पावसात नाला पुन्हा घरात आला असता. धम्मपालनं बॉक्स आणायचे ते आणलेच. पाणपोईच्या मागे भिंतीला लावून ठेवले आणि म्हणाला, “असू द्या हाताशी.” ते बॉक्स बघितले की बाईंच्या कपाळावरची शीर तटतटायची.

जयंतीच्या दिवशी ऊन असं पडलं की दुपारी रस्त्यावर चपलेचा तळ चिकटत होता. कोपऱ्यावर कापड ताणून पाणपोई उभी केली होती. जारमधलं थंड पाणी प्यायला, पिंपातलं धुवायला. ग्लासांवर ज्यांची त्यांची नावं कोरलेली, कुणाच्या लग्नाची, कुणाच्या वास्तूची. लंकाबाई स्टीलच्या जगानं पाणी ओतत होत्या आणि त्यांची सून निकिता दोघीतिघींना घेऊन मागे धूत होती. मिरवणूक मोठ्या रस्त्याला होती तोवर सगळं सुरळीत चाललं. बाईंनी एकदोनदा धम्मपालकडे मुद्दाम बघितलंसुद्धा.

मग मिरवणूक कॉलनीच्या रस्त्याला वळली. पुढे ढोल, मागे गाण्यांचा ट्रक, आणि मध्ये माणसंच माणसं. तीन तास उन्हात चालून आलेली. पाणपोई दिसताच सगळी तिकडेच लोटली. ग्लास येत होते, जात होते, आणि एवढ्यात निकिता ओल्या हातांनी पुढे आली.

“आई, पिंप संपलं.”

“नळ?”

“नळाला सकाळपासून पाणी नाही. टँकर बोलावलाय, पण तो मिरवणुकीच्या मागे अडकलाय. ड्रायव्हर म्हणतो, ट्रक हलल्याशिवाय इंचभर येत नाही.”

“जारमधलं घे धुवायला.”

“मग प्यायला काय देऊ? आहे तेच पुरलं तर पुरलं.”

बाईंनी मागे पाहिलं. दोन मोठ्या टबांत उष्ट्या ग्लासांचे ढीग पडले होते. पुढे स्वच्छ ग्लास उरले बोटांवर मोजण्याइतके, आणि ते बघता बघता संपले. पाणी होतं, पण द्यायचं कशात! रांगेतून आवाज यायला लागले. “ओ ताई, द्या की!” एक पोरगी भोवळ येऊन आईच्या अंगावर कलली. तिच्या आईला बाईंनी अख्खा जगच दिला, पण प्रत्येकाला जग देता येत नाही. लोक पुढे रेटत होते, टेबल मागे सरकत होतं.

धम्मपाल गर्दीतून वाट काढत आला. तो हसत नव्हता, एवढं मान्य करायला हवं. त्यानं बॉक्सवर हात ठेवला आणि विचारलं, “मावशी, उघडू?”

लंकाबाईंनी बॉक्सकडे बघितलं. महिनाभर घरोघर फिरून ग्लास गोळा केले होते, बायकांना तयार केलं होतं, आणि एका टँकरपायी सगळं मातीत जाणार होतं. डोकं चालवायला वेळच नव्हता. त्यांनी जग उचलला.

“ओंजळ करा रे! वरनं ओतते. ग्लासच नको ना धुवायला!”

पुढच्या पोरांना गंमत वाटली. त्यांनी ओंजळी पुढे केल्या, पाणी प्यायले, उरलेलं तोंडावर मारलं. मागच्यांनी बघितलं आणि त्यांनीही हात पुढे केले. निकितानं दुसरा जग घेतला. रांग सरकायला लागली, आरडाओरडा निवळला. बाईंच्या जिवात जीव आला. एवढी साधी युक्ती आधी कशी सुचली नाही, असं वाटून त्यांनी धम्मपालकडे बघितलं, आणि त्यानंही हात जोडून हार मानल्यासारखं केलं.

अशा वेळी समोर कोण आहे याकडे माणसाचं लक्ष नसतं. बाईंनी पुढच्या ओंजळीसाठी जग कलता केला, आणि समोर ओंजळच नव्हती. दोन म्हातारे हात धोतराला चिकटून उभे होते.

वर बघितलं तर सावळीराम. मिरवणुकीत चालू नका म्हणून सगळ्यांनी विनवलं होतं, पण ते निळा फेटा बांधून सकाळपासून चालत होते. ओठ पांढरे पडले होते. रांग सोडून पुढे आले असते तर कुणी अडवलं नसतं, पण ते रांगेतूनच आले होते.

“मामा, ओंजळ करा,” बाई म्हणाल्या. त्या सासऱ्यांना मामा म्हणत.

“नाय.”

ढोलाच्या आवाजात ऐकू आलं नसेल म्हणून त्या मोठ्यानं म्हणाल्या, “हात पुढे करा, मामा. पाणी ओतते.”

“ऐकू आलं मला,” सावळीराम म्हणाले. “असं नाय पिणार.”

“अहो, मागे लोक खोळंबलेत!”

“खोळंबू दे.” त्यांचा आवाज चढला नाही, पण आजूबाजूची माणसं पुढे सरकून ऐकायला लागली. “आमच्या गावात इहिरीला हात लावायचा नाय आम्ही. काठावर बसून ऱ्हायाचं, कोन येतंय का बघत. आला कुनी, त्याला दया आली, तर तो वरून वतायचा. असाच. भांडं हाताला लागू नये म्हनून लय वरून. माझा बाप तसा प्यायला, मी बी प्यायलो. आजच्या दिवशी, बाबासायबाच्या जयंतीला, माझ्या घरच्या पानपोईवर मी तसा पिऊ व्हय?”

लंकाबाईंनी जग टेबलावर टेकवला. त्यांची स्वतःची आई हरसूलच्या बाजाराला जाताना वाटेत असंच पाणी प्यायली होती, आणि ते सांगताना दर वेळी तिचा आवाज फाटायचा. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण घरात नळ येतो, फ्रिज येतो, आणि आईनं सांगितलेलं कुठल्या कुठे जातं. सगळ्या जगाला अक्कल शिकवणाऱ्या बाईला आपण काय करायला सांगतोय हे कळलं नाही. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सावळीरामांच्या मागे भागीबाई उभ्या होत्या, त्यांच्याच वयाच्या. त्यांनी पुढे केलेली ओंजळ सोडली आणि कोरडे हात पदराला पुसले. त्यांच्या मागच्या दोघातिघा म्हाताऱ्यांनीही हात खाली घेतले. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. ज्यांनी हसत हसत तोंडावर पाणी मारलं होतं, त्यांची तोंडं उतरली.

सावळीराम हलले. हलले म्हणजे झोक गेला. निकितानं धावत येऊन दंड धरला. “आजोबा, बसा! आई, त्यांना काहीतरी द्या, पडतील ते!”

धम्मपालनं वाट बघितली नाही. त्यानं बॉक्सची चिकटपट्टी टरकावली, निळा ग्लास काढला, भरला आणि सावळीरामांपुढे धरला. “घ्या आजोबा. ग्लासातनं प्या.”

म्हाताऱ्यानं ग्लासाकडे बघितलं आणि मग सुनेकडे. “तुझा शबूद?”

“शब्द गेला खड्ड्यात!” लंकाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. “माझं चुकलं, मामा. मला कळायला पाहिजे होतं. तुम्ही प्या. धम्मपाल, सगळे बॉक्स उघड. माझा विषय संपला.”

असं त्या पहिल्यांदाच बोलत होत्या, आणि भर चौकात. मंडळाच्या बायकांनी माना खाली घातल्या. धम्मपालनं दुसऱ्या बॉक्सला हात घातला, पण त्यालाही ते बरं वाटत नव्हतं, हे दिसत होतं.

सावळीरामांनी तो ग्लास घेतला नाही. निकिताचा हात सोडवून ते टेबलाला धरत धरत मागे गेले. टबापाशी वाकले आणि उष्ट्या ढिगातून एक स्टीलचा ग्लास उचलून सुनेपुढे धरला.

“वत.”

“मामा, तो उष्टा आहे!”

“कुनाचा?”

“मला काय माहीत? प्यायलं असेल मिरवणुकीतलं कुणीतरी.”

“मंग आपलाच मानूस हाय. वत.”

आता डॉक्टर लोक नाक मुरडतील, आणि त्यांचं काही चुकत नाही. लंकाबाईंनीही अंगणवाडीत पोरांना जन्मभर हेच शिकवलं होतं, की दुसऱ्याच्या उष्ट्या भांड्यानं पिऊ नये. पण त्यांनी ओतलं. सावळीरामांनी ग्लासाला ओठ लावले आणि डोळे मिटून सगळं पाणी सावकाश संपवलं. मग ग्लास झटकला आणि टेबलावरून भागीबाईंच्या हातात दिला.

“घे. तोंड लावून पी.”

भागीबाई प्यायल्या. त्यांनी तोच ग्लास मागच्या माणसाला दिला. मग कुणी सांगितलं नाही, तरी पोरांनी टबातले ग्लास उचलले आणि आपापल्या रांगेत धरले. सगळ्यांनी नाही. काहींना किळस आली आणि ते कोपऱ्यावरच्या दुकानाकडे गेले. एका बाईनं लेकरासाठी धम्मपालच्या बॉक्समधला ग्लास मागितला, तर लंकाबाईंनी तो स्वतः भरून दिला. धम्मपालनं मात्र बॉक्सवर बूड टेकवलं आणि दुसरा कुणी उघडायला आला तर त्याला म्हणाला, “थांब जरा, ते रांगेतले बघ आधी.” मग तोही उठला आणि जग घेऊन ओतायला लागला.

ट्रक पुढे गेला, टँकर आत आला, निकितानं पिंप भरून घेतलं. सावळीराम खुर्चीवर टेकले होते. रंग परत आला होता चेहऱ्यावर. लंकाबाई त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसल्या. सकाळपासून त्यांच्या घशाखाली घोटभर पाणी गेलं नव्हतं, हे त्यांच्याही आता ध्यानात आलं.

“तू प्यालीस का गं?” सावळीरामांनी विचारलं. बाईंनी नाही म्हणून मान हलवली. म्हाताऱ्यानं आपल्या हातातला अर्धा भरलेला ग्लास पुढे केला.

त्यांनी तो घेतला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं मान मागे टाकून, ओठ न लावता, वरून धार धरायला ग्लास उचलला.

“वरून नको,” सावळीराम म्हणाले. “तोंड लाव.”

लंकाबाईंनी ग्लास खाली आणला आणि तोंड लावून प्यायल्या.