वीटकाकांची अर्धी वीट

आमच्या जोगेश्वरीच्या सोसायटीत कोणी नवी गाडी घेतली की बाकीचे पेढे खायला खाली उतरत आणि वीटकाका अर्धी वीट घेऊन उतरत. चाकांखाली लिंबं ठेवून होईपर्यंत काका डिकी उघडून स्टेपनीवर अंगठा दाबत असायचे. हवा कमी वाटली की मालकाचा चेहरा पडेपर्यंत मान हलवत राहायचे. मग वीट डिकीत ठेवून म्हणायचे, "थांबलास की चाकाक लाव. हँडब्रेक काय, आज आसा, उद्या नाय." निम्म्या सोसायटीला त्यांनी अशा विटा वाटल्या, आणि त्यातल्या बहुतेक पंपाच्या खोलीमागे जाऊन पडल्या. वीटकाका हे नाव पोरांनी ठेवलं होतं. काकांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

मरोळच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात फिटर म्हणून काढली. गाव मालवणाकडचं. डांबरी सडक सुटल्यावर गावापर्यंत नऊ किलोमीटर नुसती खडी. त्या नऊ किलोमीटरांसाठी त्यांची जुनी निळी गाडी बारा महिने तयार असे. डिकीत जॅक, पाने, दोर, पाण्याचे दोन कॅन, पंख्याचा जादा पट्टा, बॅटरीच्या वायरी, टॉर्च, चादर आणि शेंगदाण्याचे लाडू. ह्या सगळ्यात सामानाला जागा उरत नसे, म्हणून काकू वीस वर्षं स्वतःची बॅग मांडीवर घेऊन गावाला गेल्या. "ह्येंच्या डिकीत गॅरेज मावता," त्या म्हणायच्या, "माझी दोन लुगडी मावनत नाय."

मला गाडी शिकवली ती काकांनी. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले, आणि जव्हारकडच्या पाड्यांवर जाऊन विहिरींचे नमुने आणणं माझ्याकडे आलं. आईने डोक्याला हात लावला. काकांच्या मात्र अंगात आलं. मेट्रोसाठी खणून ठेवलेला रस्ता त्यांनी हेरला. "हीच आपली खडी. गावाक जावक नको." त्या रस्त्यावर मी दहाच्या स्पीडने जायची आणि मागे रिक्षांची रांग भोंगे वाजवायची. एका रिक्षावाल्याने "अरे मॅडम, चलाव ना!" म्हणताच काकांनी खिडकीतून डोकं काढलं. "तुम आगे जाव बाबा! तुमको स्टेशन जाना है, हमको जव्हार जाना है!"

त्यांची शिकवण एवढीच, की खडीवर कुठलीही गोष्ट एकदम करायची नाही. वळण यायच्या आधी हळू व्हायचं, वळणात ब्रेक मारायचा नाही, पुढच्या गाडीच्या धुळीत घुसायचं नाही, आणि कडेची माती कितीही साधीभोळी दिसली तरी तिच्यावर चाक घालायचं नाही. "खडीक सांगान थांबायचा असता गो. न सांगता थांबलंस की ती तुका घेवन जाता."

सगळ्यात अवघड होती त्यांची चिठ्ठी. निघण्याआधी कागदावर लिहायचं: कुठल्या रस्त्याने जाणार, किती वाजता पोचणार. खाली एक ओळ: 'न पोचल्यास शोधायला कोण येणार'. त्या ओळीपुढे काका स्वतःच्या हाताने 'मी' असं लिहीत आणि चिठ्ठी खिशात घालून घरी बसत. मी गोरेगावला मैत्रिणीच्या साखरपुड्याला गेले तेव्हाही त्यांनी चिठ्ठी मागितली. मी हसले, पण दिली. पाड्यावर रेंज जायची, तेव्हा तो 'मी' आठवला की स्टिअरिंगवरचा हात सैल पडायचा.

मग काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही, वाकायचं नाही, काही उचलायचं नाही, असं बजावलं, आणि आठ दिवसांवर गावच्या देवीची जत्रा. चाळीस वर्षांत काकांनी एकदाही पालखी चुकवली नव्हती. पालखी संध्याकाळी सहाला उठते. निळी गाडी मी चालवायची असं ठरलं. काका काळा चष्मा लावून शेजारी, काकू मागे. गंमत म्हणजे ह्या वेळी काकूंच्या मांडीवर बॅग नव्हती. माझ्या ते लक्षात यायला हवं होतं.

खडीला लागून पाच किलोमीटर झाले आणि मागचं चाक फुसकन बसलं. साडेचार वाजले होते. चिटपाखरू नाही. मी ऐटीत डिकी उघडली. दोर होता, पाने होते, लाडू होते, काकूंची बॅगही होती. जॅक नव्हता. त्याच्या जागी फडक्यात गुंडाळलेली भलीमोठी पितळी समई होती.

"मियाच काढलंय," मागून काकू म्हणाल्या. "तुमच्या डोळ्यांसाठी नवस केलेलंय देवीक. समई बसत नाय होती."

काका मागे वळले. देवीवर रागावता येईना आणि काकूंवर रागवावं तर नवस त्यांच्याच डोळ्यांचा. शेवटी ते रस्त्याकडेच्या चिऱ्यावर जाऊन बसले. तिथून म्हणाले, "वीट खय आसा?"

वीट होती. "माका धड दिसत नाय," काका म्हणाले. "तू बघ, तूच ठरव." मी बाकीच्या तीन चाकांना दगड लावले. नट सैल केले. बसलेल्या चाकाजवळ, आसाखाली दोन चपटे चिरे आणि त्यांवर वीट घट्ट बसवली. मग जत्रेच्या स्वयंपाकासाठी काकूंनी बॅगेत घेतलेल्या झाऱ्याने चाकाखालची खडी उकरू लागले. "हात गाडयेखाली घालू नको!" एवढंच काका दर दोन मिनिटांनी ओरडत होते. हळूहळू गाडीचा भार विटेवर आला आणि चाक मोकळं फिरलं. ते काढलं, पण स्टेपनीत हवा भरलेली, म्हणून ती बसवायला आणखी चार बोटं उकरावं लागलं. नट आवळून झाले तेव्हा झारा वाकला होता आणि माझ्या हातांना फोड आले होते. काकांनी उकिडवं बसून प्रत्येक नट चाचपून पाहिला आणि एकही पुन्हा आवळायला लावला नाही. त्यांच्याकडून शाबासकी मिळायची ती अशीच.

पालखी उचलायला आणि आम्ही पोचायला एकच गाठ पडली. काका देवीच्या पाया पडायचे सोडून ओरडत सुटले, "ह्या चेडवान विटेर चाक बदलल्यान! विटेर!" पुजाऱ्यालाही त्यांनी वीट दाखवली. त्याने गडबडीत तिला हळदकुंकू लावलं.

काका गेल्या वर्षी गेले. झोपेत, घरात; कुठलाही रस्ता नव्हता, की तयारी करावी. मी खूप रडले, आणि मग चिडलेही, कारण स्वतः निघताना त्यांनी कोणाला चिठ्ठी दिली नाही.

कुंकू लागलेली ती वीट आता माझ्या डिकीत असते. परवा खूप दिवसांनी जव्हारला निघाले. सवयीने चिठ्ठी लिहिली, शेवटच्या ओळीशी अडले. ती कोरीच ठेवून चिठ्ठी काकूंच्या हातात दिली. काकूंना गाडी चालवता येत नाही, गुडघे दुखतात, जिना उतरायला दहा मिनिटं लागतात. त्यांनी चष्मा शोधला, चिठ्ठी दोनदा वाचली, पेन मागितलं आणि त्या ओळीपुढे ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'मी'.