कागदाच्या मागच्या बाजूचा प्रश्न

"दोन बोटांचे टेंडन तुटलेत," डॉक्टर म्हणाले. टेंडन म्हणजे स्नायूपासून बोटापर्यंत जाणारी दोरी. ती ओढली गेली की बोट वाकतं. जव्हारच्या खोलीवर फणस फोडताना कोयता निसटला होता. उजव्या हातातून रक्त वाहत होतं आणि मला वाईट कशाचं वाटावं, तर फणस वाया गेल्याचं! आहे की नाही कमाल?

नाशिकला ऑपरेशन झालं. मग सहा आठवडे स्प्लिंट, म्हणजे बोटं वाकवून धरणारा साचा. नंतर दर गुरुवारी एसटीनं व्यायामाला. नवरा वारला, मुलगी सासरी पुण्याला. दवाखान्यातल्या बाकावर प्रत्येकाची पिशवी धरायला कुणीतरी असायचं. माझी माझ्याच डाव्या हातात.

चौथ्या महिन्यात फिजिओथेरपीच्या मॅडमनी प्रश्नावली दिली. किल्ली फिरवता येते? झाकण उघडता येतं? लिहिता येतं? येतं की! मी कचेरीतली कारकून, भराभर खुणा केल्या. शेवटी होतं, हातामुळे नातेवाइकांत मिसळायला अडचण येते का? 'अजिबात नाही.' मी कुठे जातच नव्हते, मग अडचण कसली येणार?

"मावशी, मार्क छान पडलेत. आता यायची गरज नाही."

पण मी खुर्चीवरून उठले नाही.

कारण कालवलेल्या भाताचा घास उचलला की बोटांतून ताटात पडायचा. खोलीवर मी चमच्यानं जेवायचे. पण पोशेऱ्याला, माहेरच्या पंगतीत, चमचा? आणि डावा हात तर नाहीच नाही. भाचीच्या साखरपुड्याला पानं मांडायच्या आधीच मी सटकले. वहिनीचा फोन आला, "ताई, न जेवता गेल्या? आमचं काही चुकलं का?" उपास होता, म्हणून सांगितलं. महिन्यावर लग्न होतं. दर वेळी कुठला उपास काढणार?

मी कागद परत मागितला, उलटा केला आणि लिहिलं: 'चार माणसांत बसून हातानं भात खाता येतो का? नाही.'

मॅडमनी वाचलं. "हे यात विचारतच नाहीत हो. आणि मीही कधी विचारलं नाही." त्यांनी स्वतःचा डबा उघडला आणि अर्धा वरणभात माझ्यापुढे ठेवला. "घ्या. सांडू दे."

सांडला. टेबलावर, पदरावर. मी रडत रडत खाल्ला. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणासोबत जेवत होते.

गुरुवार चालू राहिले. तुमचाही हात असा गेला असेल आणि तुमचं दुखणं त्या कागदावर नसेल, तर मागची बाजू कोरी असते. लाजू नका, लिहा.

लग्नात मी पंगतीला बसले. मधलं बोट अजून पुरतं वाकत नाही, शितं सांडतातच. वहिनी वाढत होती. माझ्या पानाशी थांबली आणि वरण बेतानंच घातलं, भात घट्ट राहावा म्हणून.

"उपास नव्हता, ते मला तवाच कळलेलं, ताई," ती हळूच म्हणाली. "तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."