प्राध्यापकांना उरलेल्या कविता

लीड्सच्या हॉस्पिटलात मी स्पीच थेरपिस्ट म्हणून लागले, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आमच्या स्ट्रोक वॉर्डमध्ये एक निवृत्त प्राध्यापक आले. तीनशे वर्षांपूर्वीची उपहासाची इंग्रजी कविता शिकवण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. राजाचे लाळघोटे, विकाऊ मंत्री, एकमेकांना पाण्यात पाहणारे कवी, सगळ्यांची दोन-दोन यमकी ओळींत सालटी काढणारी ती कविता. मी ती नागपूरला कॉलेजात परीक्षेपुरती वाचली होती.

स्ट्रोकने त्यांचा उजवा हात आणि बोलणं नेलं. समोर कप धरला तरी ‘कप’ म्हणता येईना. पण पाठ केलेलं कधीकधी शाबूत राहतं, तसं त्यांचं राहिलं. तोंड उघडलं की ठेक्यात, यमकासकट दोन ओळी बाहेर पडायच्या आणि त्यात कुणाची तरी अब्रू गेलेली असायची. उशी नीट करणाऱ्या नर्सला मूर्ख म्हणणाऱ्या, डॉक्टरला ढोंगी म्हणणाऱ्या. वॉर्डमध्ये सुरुवातीला हसू व्हायचं. मग मी त्यांचे डोळे पाहिले. आपण काय बोलतोय ते त्यांना कळत होतं. आत ते साधा शब्द शोधत होते आणि हाती हेच लागत होतं.

त्यांची मुलगी शनिवारी ब्रिस्टलहून यायची. पन्नाशीची, अबोल. एकदा ती त्यांचा हात धरून बसली होती. त्यांनी बराच वेळ ओठ हलवले, घाम फुटला, आणि रंगरंगोटी करून वय लपवणाऱ्या बाईवरच्या दोन ओळी आल्या. ते रडायला लागले. मी तिला बाहेर नेऊन समजावलं, की हे ते बोलत नाहीयेत, आजार बोलतोय.

ती म्हणाली, “या ओळी मला पाठ आहेत. जेवणाच्या टेबलावर ते आईला ऐकवायचे. तेव्हा त्यांच्याकडे दुसरे शब्द होते.”



त्यानंतर ती क्वचितच आली. मी मात्र हट्टाला पेटले. शब्द ठेक्यावर बसवून शिकवायची एक पद्धत आहे. त्यांच्या डाव्या हातावर ताल धरून मी मुलीचं नाव गाऊन म्हणायचे आणि ते मागून ओठ हलवायचे. कित्येक आठवडे गेले. एका सकाळी त्या नावाचं पहिलं अक्षर आलं, अगदी स्वच्छ. तेवढ्यात त्याच अक्षराने सुरू होणारी एक ओळ धावत आली आणि नाव तिच्यात बुडालं. त्यांनी चालत्या हाताने स्वतःच्या तोंडावर चापट मारली. मी हात धरेपर्यंत दुसरी.

पुढे त्यांना केअर होममध्ये हलवलं. वसंतात मी चौकशीला फोन केला. तिथली बाई आनंदाने म्हणाली, की आता ते अगदी शांत असतात, कुणालाही त्रास नाही.

“बोलतात का?” मी विचारलं.

“नाही. बोलणं त्यांनी बंदच केलंय.”

ओळी विसरल्या, की त्यांनीच दात आवळून आत ठेवल्या, हे तिला सांगता येईना. मला मात्र वाटतं, त्यांनीच त्या आत ठेवल्या. मुलीला कळवावं असं मनात आलं, नंबरही होता. पण कळवून तिला काय द्यायचं होतं?