हॉर्न ताईला बसवून वाजवा

मालकांनी मला घोड्यावर बसवलं आणि मागून गड्याला पत्र्याचा डबा बडवायला सांगितला. घोडा उधळला. मी निपाणीतल्या त्या तंबाखूच्या वखारीच्या अंगणात तोंडावर आपटले. ओठ फुटला. मालक धावत आले ते घोड्याकडे. त्याचे पाय चाचपून म्हणाले, "ह्यो बुजरा निघाला. ताईला चालायचा न्हाय."

ताई म्हणजे मालकांची लेक. तिला पोलिओ झालेला. घोड्यावर बसवलं तर कमरेत बळ येईल, असं बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. घोडा मात्र थंड डोक्याचा हवा. आवाजाला न बुजणारा, लेकरू कलंडलं तर जागीच थांबणारा. हे बघायचं कुणावर? माझाही उजवा पाय तसाच लुळा, आणि माझे आप्पा त्याच वखारीत हमाल. आयतीच सापडले मी. आणीबाणी उठली म्हणून लोक तेव्हा खुशीत होते. आमच्यावरची कुणी उठवली नव्हती.

दुसऱ्या घोड्यावर चढवताना मी भीतीनं मुतले. गडी हसले. तो घोडा चावरा निघाला, त्याच्या दातांचा वण अजून दंडावर आहे.

तिसरी संकेश्वरहून आली. टांग्याची पांढरी घोडी, वयानं उतरलेली. मला तिच्यावर बसवलं. डबा वाजला. छत्री फटकन उघडली. घोडीनं नुसता कान हलवला. मी एका बाजूला कलंडले, तर उचललेला पाय तसाच धरून ती थांबली. मी तिच्या मानेला मिठी मारून रडले. त्या अंगणात माझी काळजी तेवढी तिलाच होती.

मालक खूश. गड्यांना म्हणाले, "घोडी ठिवून घ्या. खोगीर गोमूत्रानं धुवा, ही बसलीया." मला खाली उतरवलं आणि आप्पांना हुकूम झाला, "उद्या हिला परत आण. ट्रकचा हॉर्न वाजवून बघू."

माझे दात वाजत होते. तरी तोंडातून गेलंच, "मालक, हॉर्न ताईला बसवून वाजवा. मी न्हाय बसणार."

ओसरीवर खुर्चीत बसलेल्या ताईचा चेहरा पांढराफटक पडला. मालकांनी तो बघितला. मग आप्पांना म्हणाले, "तुझ्या पोरीची जीभ लई लांब झालीया रं."

आप्पांनी मला पाठुंगळी घेतलं. "कशाला बोललीस गं," एवढंच वाटभर म्हणत राहिले. त्याच आठवड्यात त्यांचं काम सुटलं आणि ते बोरगावकडं ऊस तोडायला जाऊ लागले. घरात मला कुणी शाबासकी दिली नाही.

आता मी बेळगावात नोकरी करते. कुबडी घेऊन ऑफिसला जाते. अजूनही कुणी 'आधी हिच्यावर करून बघा' म्हणालं, की दात वाजायला लागतात. भीती गेलेली नाही. जाईल असं वाटतही नाही. पण माझं हाड दुसऱ्याच्या लेकराचा जीव तोलायला नाही.

दात वाजले तर वाजू देत. मी बसणार नाही.