बांधातली खांड

नवी जमीन दिसली की ते आधी तिच्यावर पालथे पडत. गाल मातीला टेकवून, एक डोळा मिटून बराच वेळ तसेच राहत. आमच्याकडे भाड्याची खोली पाहायला आले, त्या दिवशी ते सारवलेल्या अंगणातच आडवे झाले. आईला वाटलं, पाहुण्याला घेरी आली. ती हुंगवायला कांदा फोडून धावत आली.

"काही नाही हो वहिनी," ते पडल्यापडल्याच म्हणाले. "तुमचं अंगण गोठ्याकडे उतरतंय. आडवं झाल्याशिवाय जमीन कळत नाही."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. मला या माणसाबद्दल नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि सुट्टीत घरी आलो की त्यांच्याशी बोलायला मिळे, एवढाच आमचा संबंध. पण त्यांच्याबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

ते ओव्हरसियर होते. गाव त्यांना 'ओवरशेर' म्हणे. खालापूरच्या अलीकडे, पाताळगंगेच्या काठी, मुंबईच्या साहेबलोकांचा एक क्लब गोल्फचं मैदान करत होता; ते आखण्याचं काम त्यांच्याकडे होतं. आधी तिथे मैदान असं नव्हतंच. भातकापणी झाली की काही साहेब मोकळ्या शेतांतून काठीने चेंडू मारत जात. चेंडू जमिनीच्या भेगेत अडकला की गुराखी काढून देत. पुढे कळकाच्या काठ्यांना फडकी बांधून सहा होल, म्हणजे चेंडू घालायचे खड्डे, झाले. मग लढाई आली आणि तिथे लष्कराचे तंबू पडले. तंबू उठल्यावर साहेबांनी मनावर घेतलं, की अठरा होलचं मैदान करायचं आणि अजिंक्यपदाची मोठी स्पर्धा इथेच भरवायची. शेतं खंडाने घेतली आणि ज्यांची शेतं त्यांनाच रोजावर लावलं. माझे वडील त्यांतलेच. त्यांना सगळे आबा म्हणत, ओव्हरसियरसुद्धा.

"एवढी जमीन," आबा त्यांना चिडवत, "नि पीक काय, तर एक चेंडू. तो पन खाता येत नाय."

"आबा, तुमचं भात वर्षातून एकदा येतं. माझा चेंडू रोज येईल."

"येईल. नि रोज हरवंल."

मैदान आखताना त्यांनी एक गोष्ट वेगळी केली. कुठल्याही साहेबाने आधी सगळे बांध मोडून जमीन सपाट केली असती. हे म्हणाले, "बांध मोडू नका. इथली जमीन बांधांनीच घडलीय. खेळणाऱ्यालाही ते कळू दे." जुन्याच बांधांना त्यांनी वळणं दिली. कुठे चेंडू बांधावरून उडवावा लागे, कुठे बांधाला वळसा घालावा लागे. प्रत्येक होलभोवती जी बारीक गवताची हिरवळ असते, तिच्या कडेनेही त्यांनी बांध फिरवला आणि पाणी निघून जावं म्हणून त्यात एक खांड ठेवली. ते हे समजावून सांगत तेव्हा मला खेळातलं काही कळत नसे, पण त्यांचा चेहरा पाहत राहावंसं वाटे.

याआधी त्यांनी दोन मैदानं आखली होती. दोन्ही ठिकाणी सामन्याच्या दिवशी त्यांना कुंपणाबाहेर थांबवलं गेलं. ते मला एकदा म्हणाले, "मी आखलेल्या जमिनीवर खेळ कसा होतो, ते मी अजून पाहिलेलं नाही. अरे, स्वयंपाक करणाऱ्याला निदान वास तरी येतो." या वेळी साहेबांनी शब्द दिला होता. स्पर्धा इथे झाली, तर पहिल्या होलपासून शेवटच्यापर्यंत ते खेळाडूंबरोबर चालतील. त्यासाठी त्यांनी एक पांढरा कोट शिवून ठेवला होता. पावसाळ्यानंतर पंचांची मंडळी मैदान पाहून काय ते ठरवणार होती.

आषाढात हिरवळींवर विलायती गवताचं बी पेरलं. ते केसांसारखं उगवलं. मग ओव्हरसियरना मुंबईला बोलावणं आलं आणि ते आठवडाभर तिकडे राहिले.

आमच्याकडे एक रीत आहे. पावसात वाटेने जाताना कुणाच्याही शेताचा बांध फुटलेला दिसला, तर जाणाऱ्याने पायाने चिखल ओढून तो बुजवायचा. शेत कुणाचं ते विचारायचं नाही, नंतर सांगायचंही नाही. आबा आणि त्यांच्या सोबतची माणसं कामावरून परतत होती. त्यांना बांध दिसला, बांधात खांड दिसली, तिच्यातून पाणी वाहून जाताना दिसलं. वाटेवरच्या सगळ्या खांडी त्यांनी नीट लिंपून टाकल्या. मग पाऊस लागला तो थांबलाच नाही.

ओव्हरसियर परत आले तेव्हा मीही सुट्टीवर घरी होतो. हिरवळींवर चार बोटं पाणी होतं, आणि त्याखाली कुजलेल्या गवताचा पिवळा चिखल. ते बांधावर उभे राहिले. आबा जवळ गेले.

"आमीच खांडी बुजवल्या, सायेब. पानी फुकट जात व्हतं. ते बघून कोन तसाच फुडं जाईल?"

मला वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"कुणी जाणार नाही, आबा," ते म्हणाले. "बांध मीच ठेवला ना."

बी उरलं नव्हतं. नवीन यायचं तर बोटीने यायचं. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी असताना पंच आले. एकाने टक्कल पडलेल्या हिरवळीत काठी खुपसून पाहिली, मग सगळ्यांनी चहा घेतला. त्यांचं बोलणं मी जवळून ऐकलं. ते मैदानाबद्दल नव्हतंच, विलायतेच्या बोटीत जागा कधी मिळेल याबद्दल होतं. गवत आलं असतं तरी ती स्पर्धा झाली असती का? मला वाटतं, नसती. हे मी ओव्हरसियरना सांगितलं नाही. सांगून त्यांचं दुःख कमी झालं असतं की वाढलं असतं, हे मला आजही ठरवता येत नाही.

पुढच्या वर्षी साहेब देश सोडून गेले. क्लबाने शेतं सोडून दिली. ओव्हरसियर आणखी काही महिने आमच्या खोलीत राहिले, काही काम नसताना. मग एका सकाळी ट्रंक घेऊन निघाले. मी त्यांना खोपोली स्टेशनपर्यंत पोचवायला गेलो.

"आबा ती जमीन सपाट करणार ना?" त्यांनी विचारलं.

"हो. या उन्हाळ्यात."

"करू दे. पण पुरती करायला सांग. अर्धवट राहिली तर बघवत नाही."

उन्हाळ्यात आबांनी वळणाचे बांध फोडले आणि सरळ घातले. मैदान कुठे होतं, ते आता मलाही दाखवता येत नाही. तिथलं पहिलं भात चांगलं आलं. आबांनी त्यातले तांदूळ एका पिशवीत वेगळे बांधून ठेवले आणि मी सुट्टीत आलो तेव्हा पुढे केले.

"ओवरशेराला धाड," ते म्हणाले. "त्याचं गाव कंचं रं?"

मी आईकडे पाहिलं. तिलाही ठाऊक नव्हतं.