मंडळी टेम्पोत गेली

माझ्या थोरल्या चुलत्यांइतका एकट्याने प्रार्थना करायला घाबरणारा ख्रिस्ती माणूस उभ्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही. घरीसुद्धा काकूला शेजारी बसवल्याशिवाय त्यांचे डोळे मिटत नसत. ती भाकऱ्या थापत असली तर पिठाच्या हातासकट. रविवारी कुणी उपासनेला आलं नाही की दुपारी स्वारी त्याच्या दारात हजर. एकदा गाय व्याली म्हणून एकजण घरी राहिला, तर यांनी पेटीवाल्याला घेऊन त्याचा गोठा गाठला आणि वासरापुढे तीन गीतं म्हटली. गायीने दावं तोडलं. पुढच्या रविवारी तो गडी सगळ्यांच्या आधी येऊन बसला. मी नगरला अंथरुणात पडल्या पडल्या मोबाईलवर उपासना बघतो हे कळल्यावर तर माझी खैर नव्हती. "आरं, प्रभुभोजनाची भाकर बी त्यातनंच घेतो का? काच लागंल की हाताला!" मला राग आला, खरं सांगतो.

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, मुळात थोडी. दिवाळीनंतर त्यातली निम्मी ऊसतोडीला जातात. पण चुलते सतरंजीवर गेलेल्यांच्या जागा राखून ठेवणार. चुकून कुणी टेकलं की, "ऊठ, हितं सुमनबाई बसती." सुमनबाई असायची घोडेगावच्या पुढे, उसाच्या फडात! उपासना चालवणाऱ्या तरुण पाळकसाहेबांनी एकदा सगळ्यांना पुढे सरकून बसा म्हटलं, तर हे उठून उभे. "साहेब, ती तोडीला गेल्यात. मंडळीतून न्हाई गेल्यात."

गेल्या हिवाळ्यात मात्र प्रकरण गळ्याशी आलं. चर्चचा कारभार बघणाऱ्या वरच्या पंचांनी कळवलं, इतक्या थोड्या माणसांसाठी पाळक पाठवणं जमत नाही. रविवारी येऊन मंडळी बघू, नाहीतर इथली उपासना बंद करू. चुलते दोन दिवस धड जेवले नाहीत. "माझा बाप्तिस्मा, लगीन, समदं हितंच झालं," एवढंच म्हणत बसायचे. मी सुचवलं, शेजारच्या गावातून चार पाहुणे आणून बसवू. असे कडाडले! "देवाच्या घरात भाड्याची मानसं बसवतो व्हय रं?"

रविवारी मी नगरहून पोचलो, तर चर्चच्या दाराला भलंमोठं कुलूप. पुढे उन्हात पाळकसाहेब आणि दोन पंच उभे. मी घाईघाईने फोन लावला. चुलते पलीकडून ओरडत होते, "आमी समदी टेम्पोनं फडावर आलोय! मंडळी बघायची म्हनले ना ते? मंग निम्मीच कशी दावायची?" हे पंचांना आधी सांगायचं तेवढं राहून गेलं होतं. थोरले पंच कुलपाकडे बघत म्हणाले, "बंद करायचं काम यांनीच उरकलंय." मला तोंड कुठे लपवू असं झालं.

पण गाडी थोरल्या पंचांनीच घोडेगावकडे वळवायला लावली. तोडकऱ्यांच्या कोप्यांपुढे, म्हणजे झोपड्यांपुढे, उसाचं पाचट पसरून सगळी बसली होती, तोडीवरची आणि गावातली, एकात एक मिसळून. पाळकसाहेबांनी भाकर मोडली तेव्हा सुमनबाईला रडू आवरेना. तोडीच्या दिवसांत तिला प्रभुभोजन आजवर कधीच मिळालं नव्हतं. मीही घेतलं, किती वर्षांनी कोण जाणे. उठताना थोरले पंच म्हणाले, "उपासना चालू राहील. तोडीच्या महिन्यांत एक रविवार इथं." चुलत्यांनी त्यांचे दोन्ही हात धरले. गाडी सुरू झाली तरी सोडेनात.

यंदा त्यांचे गुडघे गेलेत, टेम्पोत चढवत नाही. परवा म्हणाले, "लेका, तू जा. अन् आल्यावर कोन कोन हुतं ते सांग." गेलो. परत येऊन त्यांच्या खाटेशी बसलो आणि एकेक नाव घेत गेलो. ते डोळे मिटून प्रत्येक नावाला "व्हय" म्हणत होते. मी थांबलो तसे त्यांनी डोळे उघडले.

"अन् तुझं रं?"

मी माझंही नाव घेतलं.