तात्यांचा सर्जा आज पळालाच नाही

मंडळी, आज मी लाज वाटण्यासारखं वागलो, म्हणून लिहितोय.

कराडात आम्ही दोघं मित्र बैलगाडा शर्यतीचा गेम बनवतोय. त्यातला सर्जा म्हणजे म्हसवडच्या तात्यांच्या शर्यतीच्या बैलाची हुबेहूब नक्कल. आज तो दाखवायला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या सुनेच्या नव्या कॉम्प्युटरवर गेम लावला, तर धुरळा उडाला की सर्जा जागेवरच अडकायचा.

"आमचा सर्जा आसा कवा अडला न्हाई रं," तात्या म्हणाले. मग सुनेकडं बघून, "तुझाच कॉम्प्युटर हलका दिसतुया गं."

मी मान डोलावली.

खरं तर गेमची चित्रं पडद्यावर उमटवणारं तिचं ग्राफिक्स कार्ड आमच्याइतकंच दमदार आहे, फक्त दुसऱ्या कंपनीचं. आम्हाला एका कंपनीनं कार्ड फुकट दिलं, वर गेममध्ये धुरळा उडवणारा तयार कोडही दिला. तो त्यांच्याच कार्डावर नीट चालतो हे ठाऊक होतं. तरी दुसऱ्या कार्डावर आम्ही कधी चालवून बघितलंच नाही.

स्वतःच्या कमाईनं घेतलेला कॉम्प्युटर सुनेनं बंद केला.

तिला फोन करून माफी मागितली तर पुरेल का? मान तर मी तात्यांसमोर डोलावली होती.